समोर बसला म्हणजे भिडू नव्हे

ताई, नमस्कार.

मी डोंबिवलीला राहतो, वय २६. दर रविवारी दादरजवळच्या एका दुकानात मॅजिक हा पत्त्यांचा खेळ खेळायला जातो. सोबत शाळेपासूनचा मित्र असतो. आम्ही हा खेळ एकत्रच शिकलो, पहिला डेकसुद्धा (खेळायचा पानांचा संच) दोघांनी पैसे काढून घेतला होता.

गेल्या महिन्यात दुकानात सोळा जणांची कमांडरची, म्हणजे एका टेबलावर चौघांनी खेळायच्या मॅजिकची, स्पर्धा झाली. घरगुती नाही, फुल काँपिटिटिव्ह. जाताना ट्रेनमध्येच आमचं ठरलं की दोघं फायनलला पोचलो तर एकमेकांच्या वाटेला जायचं नाही आणि कोणीही जिंकलं तरी बक्षीस निम्मं निम्मं. खरंच दोघं पोचलो. फासे टाकून खुर्च्या ठरल्या. मित्र दुसरा, मी चौथा.

मित्राची ऱ्हिस्टिक स्टडी (बाकीच्यांच्या चालींवर जास्तीची पानं मिळवून देणारं पान) लवकर बसली होती, त्यामुळे त्याचा हात भरलेला. पाचव्या टर्नला पहिल्या खुर्चीतल्या मुलीने ऑरॅकल आणि कन्सल्टेशन ही गेम जिंकून देणारी जोडी काढली. मित्र म्हणाला, 'माझ्याकडे काही नाही.' त्याची सगळी लँड टॅप झालेली, म्हणजे पान टाकायला लागणारा मना खर्च झालेला, म्हणून मी विश्वास ठेवला. तिसऱ्याने नुसती मान हलवली. मी फोर्स ऑफ विल हे अडवणारं पान टाकून टेबल वाचवलं. लगेच मित्राची पाळी आली आणि त्याने स्वतःचा कॉम्बो, म्हणजे जिंकून देणारी पानं, लावला. तिसऱ्याने अडवायला स्वान साँग टाकलं, तर याने हातातून फिअर्स गार्डियनशिप काढून ते अडवलं. गेम खल्लास. नंतर हसत हसत म्हणाला की ते पान मघापासून हातातच होतं. निम्मं बक्षीस पुढे केलं, मी घेतलं नाही.

तेव्हापासून बोलणं बंद. मी वेगळ्या डब्यात चढतो. रविवारी मात्र टेबल तेच, आणि मी प्रत्येक गेममध्ये आधी त्यालाच मारतो. जशास तसं. चार रविवारांत तो एकदाही जिंकलेला नाही. मीही नाही. आता बाकीचे मला खुनशी म्हणतात. एकाने तर तोंडावर सांगितलं, असंच खेळायचं असेल तर आमच्या टेबलावर बसू नकोस. ज्याने दगा दिला त्याला सोडून सगळे मलाच का नावं ठेवतात?

— चौथ्या खुर्चीतला, डोंबिवली


अरे चौथ्या खुर्चीतल्या,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या खुर्चीत बसून, दुसऱ्यांदा तिसऱ्याच्या. दुसऱ्यांदा जे दिसलं ते आधी सांगते.

स्वान साँग तिसऱ्याच्या हातात होतं. त्या मुलीची पाळी संपून तुझ्या मित्राची सुरू झाली, मध्ये तिसऱ्याची पाळी आलीच नाही, म्हणजे ते पान त्याच्याकडे आधीपासूनच असणार. तिच्या कन्सल्टेशनवर ते चाललं असतं. तरी त्याने मान हलवली आणि ओझं तुझ्याकडे सरकवलं. तुझ्या मित्राने केलं अगदी तेच. मग चार रविवार तू तिसऱ्याचाही सूड उगवतोयस का? नाही. तुझ्या अख्ख्या पत्रात त्याच्याबद्दल एक वाकडा शब्द नाही.

तेव्हा तुझा राग पान दडवण्यावर नाहीच. तो कशावर आहे ते बघूच, पण आधी टेबलावर काय झालं ते नीट मांडू दे. तुला दगा वाटतोय त्यातला अर्धा भाग साधा खेळ आहे आणि तो तुला नीट दिसलेला नाही, असं माझं मत आहे.

हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांना तुझा खेळ माहीत नसेल, म्हणून चार ओळी त्यांच्यासाठी. मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने केला आणि १९९३ साली तो बाजारात आला. प्रत्येकाने स्वतःची पानं जमवायची, त्यातून स्वतःचा डेक बांधायचा. (एकेका पानाच्या किमतीत लोकलचा तीन महिन्यांचा पास निघतो, तो विषय पुन्हा कधीतरी.) कमांडर हा त्यातला चौघांचा प्रकार. प्रत्येकाकडे शंभर पानं, साधी लँड सोडली तर एकही पान दुसऱ्यांदा नाही, चाळीस लाइफ, आणि एक म्होरक्या, म्हणजे कमांडर, पहिल्यापासून सगळ्यांसमोर उघडा. जिंकणारा एकच. कोणी मोठं पान टाकलं की ते लगेच लागू होत नाही. टाकणाऱ्यापासून सुरू करून घड्याळाच्या दिशेने एकेकाला विचारलं जातं, अडवायचंय का? सगळे नाही म्हणाले तरच ते लागतं. या विचारण्याच्या क्रमाला प्रायॉरिटी म्हणतात आणि तुझी सगळी कहाणी त्या क्रमात अडकलेली आहे.

पाळी पहिल्या खुर्चीची होती. म्हणजे विचारणा दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, शेवटी तुला. दुसऱ्या आणि तिसऱ्या दोघांनाही माहीत होतं की आपल्यामागे अजून एक माणूस उभा आहे. सोसायटीच्या जिन्यातला बल्ब गेला की काय होतं? उजेड सगळ्यांना हवा असतो. पहिल्या मजल्यावरचे म्हणतात दुसरे बदलतील, दुसरे म्हणतात तिसरे बदलतील, आणि चौथ्या मजल्यावरचे काका, ज्यांना सगळ्यात जास्त पायऱ्या चढायच्या असतात, ते एक दिवस स्टूल घेऊन उतरतात. त्यांनी दोनदा बदलला की तिसऱ्या वेळी बाकीचे विचारसुद्धा करत नाहीत. आंद्रेआस डीकमान या समाजशास्त्रज्ञाने १९८५ साली हा पेच गणितात मांडला. त्याचं एक उत्तर अंगावर येणारं आहे: बल्ब बदलू शकणारे जितके जास्त, तितका प्रत्येक जण हात आखडता घेतो. तू त्या टेबलावरचा चौथा मजला होतास. आणि मला दाट शंका आहे की फायनलच्या आधीचे कित्येक रविवार तू हेच करत आलायस. तुझ्याकडे निळा डेक आहे, काउंटर (अडवणारं पान) असतो, तू टेबल वाचवतोस, सगळे 'वाचवलंस रे' म्हणतात, तुला बरं वाटतं. तो लौकिक त्या दिवशी वसूल झाला.

आता मित्राकडे बघ. तो दुसऱ्या खुर्चीत, म्हणजे त्या मुलीनंतर लगेच त्याची पाळी. ज्याची पाळी पुढची, त्याला आपलं पान राखून ठेवायची गरज सगळ्यात जास्त, आणि बाकीच्यांची पानं खर्ची पडलेली हवीत हीसुद्धा त्याचीच सगळ्यात जास्त गरज. अशा माणसाने 'माझ्याकडे काही नाही' म्हटलं तर त्या वाक्याची किंमत शून्य धरायची. तो खोटारडा आहे म्हणून नव्हे. त्या खुर्चीत बसलेला कोणीही, मी बसले असते तरी, हेच म्हणणार म्हणून.

लँड टॅप होती म्हणून विश्वास ठेवलास, असं लिहिलंयस. अरे, तू स्वतः फोर्स ऑफ विल टाकलंस ते मना खर्चून का? एक लाइफ आणि हातातलं एक निळं पान, एवढ्यात टाकलंस. फिअर्स गार्डियनशिप तर स्वतःचा कमांडर टेबलावर असला की फुकटच. त्याचा कमांडर तुझ्या डोळ्यांसमोर उघडा बसला होता. टॅप झालेली लँड बघायच्या ऐवजी तो बघायला हवा होता.

आणि खरी चूक त्याच्याही आधीची आहे. ऱ्हिस्टिक स्टडी तुझ्या पत्रात एका वाक्यात येऊन जाते. मला विचारशील तर गेम तिथे गेला. ते पान असं की बाकीच्या कोणीही काही टाकलं तर त्याने एक मना जास्तीचा भरायचा, नाहीतर स्टडीवाल्याला एक पान ओढायला मिळतं. 'भरतोस का?' असा प्रश्न प्रत्येक वेळी येतो, आणि प्रत्येकाला वाटतं, आज माझा एक मना महत्त्वाचा आहे, एका पानाने काय होतंय. तिघांनी मिळून असं तीनतीनदा म्हटलं की समोरच्याच्या हातात नऊ पानं जास्त. तू किती वेळा भरलास? तो मित्र होता म्हणून सोडून दिलंस का? हे मला लिहून कळवू नकोस, स्वतःशी मोज. फिअर्स गार्डियनशिप तुम्ही तिघांनी दिलेल्या पानांतूनच त्याच्याकडे गेलं असेल, ही शक्यता अजिबात लहान नाही.

मग त्या क्षणी तू काय करायला हवं होतंस? फोर्स टाकणं चूक नव्हतं. न टाकता गेम तिथेच संपत होता. पण शेवटचा माणूस वाटतो तितका लाचार नसतो. तुझ्याकडे एखादं बारीकसं पान असतं, समज ब्रेनस्टॉर्म, तर कन्सल्टेशन वरती लटकत असतानाच ते टाकता आलं असतं. ते लागलं की विचारणा पहिल्यापासून पुन्हा सुरू होते. आधी ती मुलगी, मग पुन्हा तुझा मित्र, पुन्हा तिसरा. मघाशी 'नाही' म्हणून मोकळे झालेल्यांना परत 'नाही' म्हणावं लागतं. आणि ब्रेनस्टॉर्म म्हणजे शोधाशोध. शोधाशोध करणारा माणूस रिकाम्या हाताचा वाटतो. तीन पानं ओढून, दोन परत ठेवून, चेहरा पाडून तू तिसऱ्याकडे बघितलं असतंस ना, तर त्याच्या पोटात गोळा आला असता. कदाचित स्वान साँग तेव्हाच बाहेर पडलं असतं. कदाचित नसतंही. पण एका मन्याच्या, आणि स्टडीसाठी भरायच्या आणखी एका मन्याच्या, बदल्यात त्या दोघांना आणखी एकदा घाम फोडायची संधी होती.

तसलं पान नव्हतं, तर तोंड होतं. हातातली पानं बाकीच्यांना दाखवायला खेळाच्या नियमांत मनाई नाही. हातातल्या पानांबद्दल थापा मारायलाही नाही. उघड्यावर असलेल्या गोष्टींबद्दल, लाइफ किती, टेबलावरच्या पानावर काय लिहिलंय, याबद्दल खोटं बोलता येत नाही. म्हणजे नियमाने तुझ्या मित्राची थाप शंभर टक्के कायदेशीर होती. तुला हे माहीत नसेल असं नाही, पण रागात विसरलेलं दिसतंय. फोर्स टाकायच्या आधी तू एवढंच मोठ्याने म्हणायचंस: 'मी हे अडवतोय, पण यानंतर माझ्याकडे काही उरत नाही, आणि पुढची पाळी भरल्या हाताच्या माणसाची आहे. तो सुटला तर बाकीच्या दोघांनी बघायचं.' त्यात खोटं काही नाही. मित्र हे ऐकून आपली घाई आवरतो का, तिसरा आपलं एकुलतं पान कधी टाकायचं ते ठरवतो का, त्या मुलीच्या हातात अजून काही शिल्लक आहे का, सगळं त्या एका वाक्याने हललं असतं. तू मुकाट्याने पान टाकलंस आणि टाळीची वाट बघितलीस.

हे झालं टेबलाचं. आता ट्रेनमधल्या कराराकडे येऊ. पत्रात तो तू इतक्या सहज लिहून गेलायस की मी चहाचा कप खाली ठेवला.

कलम एक: एकमेकांच्या वाटेला जायचं नाही. मित्र तुझ्या वाटेला गेला का? त्याने तुझ्यावर हल्ला केला नाही, तुझं एकही पान अडवलं नाही. कलम दोन: बक्षीस निम्मं निम्मं. त्याने ते पुढे केलं, नाकारलंस तू. म्हणजे तुमचा करार त्याने अक्षरशः पाळला. तुला ज्याचा राग आहे, आपलं पान त्याने तुझ्याऐवजी खर्च करायला हवं होतं याचा, ते कलम करारात नव्हतंच. ते तुझ्या मनात होतं.

का होतं, त्याचा मला अंदाज आहे. माझं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. गणपतीच्या जागरणाला रात्रभर गॅलरीत मेंढीकोट चालायचा. चौघं बसायचे, समोरासमोरचे दोघं भिडू. भिडूचा हात तो आपला हात. भिडूने दश्शी काढली तर आपण काढल्यासारखी. शेजारी बसलेला तो शत्रू. आपल्याकडे पत्ते शिकलेल्या प्रत्येक पोराच्या अंगात हे मुरलेलं असतं. आता तुझ्या फायनलचं टेबल डोळ्यांसमोर आण. दुसरी खुर्ची आणि चौथी खुर्ची. समोरासमोर! त्यात शाळेपासूनचा मित्र. त्यात ट्रेनमधला शब्द. तू कमांडरच्या टेबलावर बसून मेंढीकोट खेळत होतास, आणि तो कमांडरच खेळत होता.

आणि तो करार मुळातच वाईट होता, हे मी गोड शब्दांत सांगणार नाही. बक्षीस वाटून घ्यायला हरकत नाही. निकालाच्या बदल्यात नसेल तर मॅजिकचे स्पर्धेचे नियमच त्याला परवानगी देतात. पण चौघांच्या फायनलमध्ये दोघांनी आधीच 'एकमेकांना सोडायचं' ठरवून येणं म्हणजे बाकीच्या दोघांना न सांगता दोनास एक करणं. आयोजकाच्या कानावर गेलं असतं तर त्याने तुम्हा दोघांना उठवलं असतं आणि मी त्याच्या बाजूने उभी राहिले असते. त्या मुलीचा विचार कर. जिंकत जिंकत ती फायनलला आली, फाशात पहिली खुर्ची मिळाली, पाचव्या टर्नला कॉम्बो जमवला. समोरच्या तिघांतले दोघं डोंबिवलीहून करार करून आलेत हे तिला ठाऊक नव्हतं. दगा हा शब्द वापरायचा हक्क त्या टेबलावर कोणाला असेल तर तिला.

टेबलावर सौदे करूच नयेत असं मी म्हणत नाही. सौदे हाच तर या खेळाचा अर्धा रस. पण सौदा कसा असावा हे तू रोज लोकलमध्ये बघतोस. 'कुठे उतरणार?' 'घाटकोपर.' 'मग ही सीट मला.' संपलं. सौदा बारीक आहे, घाटकोपरला संपतो, आणि आजूबाजूच्या दहा जणांनी ऐकलेला आहे. म्हणून तर तो पाळला जातो. कोणी तिसराच मध्ये टपकला तर अख्खा डबा त्याला सांगतो की ती सीट बोललेली आहे. टेबलावरही तसंच. 'या टर्नला तू माझ्यावर हल्ला करू नकोस, मी तुझं ते पान अडवत नाही', सगळ्यांसमोर, पुढच्या टर्नपर्यंत. 'आपण दोघं शेवटपर्यंत' हा सौदा नव्हे. तो घाटकोपरला उतरणाऱ्याने कर्जतपर्यंतची सीट धरून ठेवण्याचा प्रकार आहे.

शब्दांचंही जरा बघत जा. माझीच फजिती सांगते. दोन वर्षांपूर्वी एका टेबलावर मी समोरच्या मुलाला म्हटलं, 'माझ्या कमांडरला टार्गेट करू नकोस, मी तुला या फेरीत मोकळं सोडते.' तो म्हणाला, 'नक्की, काकू.' (काकू! तिथेच सावध व्हायला हवं होतं.) पुढच्या पाळीला त्याने सात मना भरून सायक्लॉनिक रिफ्ट ओव्हरलोड केलं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, तसं टाकलं की ते एकाही पानाला टार्गेट करत नाही, लँड सोडून समोरच्यांचं सगळंच उचलून हातात परत पाठवतं. माझा कमांडर टेबलावरून गेला, बाकीचंही सगळं गेलं. मी तोंड उघडलं, त्याने शांतपणे पान माझ्याकडे फिरवलं आणि वाचायला दिलं. शब्द माझाच होता: टार्गेट. घरी जाईपर्यंत धुमसत होते. माहीमला उतरताना हसू आलं. त्या पोराला मी आजही घाबरून असते, पण त्याच्याशी सौदेही करते. शब्द जपून वापरते, एवढंच.

तुझ्या चार रविवारांबद्दल. 'जशास तसं' लिहिलंयस, आणि तुझ्यासारखे हिशेबी खेळाडू याला शास्त्राचा आधार देतात म्हणून सांगते. रॉबर्ट ॲक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञाने १९८०च्या सुमारास कॉम्प्युटर प्रोग्रॅमच्या स्पर्धा घेतल्या होत्या, त्यात ॲनातोल रॅपोपोर्टचा 'जशास तसं' वागणारा प्रोग्रॅम दोन्ही वेळा पहिला आला. पण तो खेळ दोघांचा होता. समोरच्याला शिक्षा केली की ती दोघांत राहायची. शिवाय तो प्रोग्रॅम एकदाच फटका द्यायचा आणि समोरचा सुधारला की त्याच क्षणी विसरायचा. तू चार रविवार सलग फटके देतोयस, तेही चौघांच्या टेबलावर. इथे तुझा प्रत्येक हल्ला तुझी पानं खातो, मित्राची पानं खातो आणि बाकीच्या दोघांना फुकटात मोकळं रान देतो. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. तूच लिहिलंयस, तो जिंकला नाही, मीही नाही. मग चार रविवार जिंकलं कोण?

तरीही जिंकणारे तुला खुनशी म्हणतात, याचं तुला नवल वाटतं. मला नाही वाटत. लोक खेळायला येतात, आणि तुझ्या टेबलावर पहिलं पान पडायच्या आधी अर्धा निकाल लागलेला असतो. जिंकणाऱ्यालाही ते फिकंच लागतं, आयता मिळालेला विजय. हरणाऱ्याला तर विचारूच नको. तुला टेबलावर बसू नकोस म्हणणारा माणूस मित्राची बाजू घेत नाहीये, त्याला त्याचा रविवार परत हवाय.

तुला पाच-तीन-दोन येत असेलच. त्यात ही सोय आहे बघ. मागच्या डावात कोणाचे हात कमी पडले तर पुढच्या डावात ज्याचे जास्त झाले तो त्याच्याकडून पानं ओढतो. उधारी नियमानेच चुकती होते आणि पाटी कोरी. कमांडरमध्ये असली वही नाही. प्रत्येक गेम चाळीस लाइफने सुरू होतो, मागचं काही बाकी नसतं. तू मात्र खिशात वही ठेवून बसतोस. आणि जाता जाता एक साधा हिशेब: चौघं तोडीस तोड असले तरी प्रत्येकाच्या वाट्याला चारांतला एकच विजय येतो. चारांत तीन वेळा हरणं हे या खेळात नेहमीचं. प्रत्येक हारीमागे गुन्हेगार शोधत बसलास तर महिन्याभरात मित्र संपतील, आणि मुंबईत हा खेळ खेळणारी माणसं काही रस्त्यावर पडलेली नाहीत.

मित्राने काही चूक केलीच नाही का? केली. हसत हसत सांगितलं, ती चूक. गेममधली थाप गेममध्ये शोभते. पण ज्याच्या पैशात आपलाही पैसा घालून पहिला डेक घेतला, त्याला फायनल हरल्या हरल्या 'ते तर मघापासून हातात होतं' असं दात काढून सांगायचं नसतं. दहा मिनिटं थांबला असता, प्लॅटफॉर्मवर वडापाव खाताना सांगितलं असतं, तर तूही हसला असतास. हे तू त्याला सांगायला हवंस. टेबलावर, पानांतून नव्हे. तोंडाने.

बोलशील तेव्हा क्रम सांभाळ. आधी तुझ्या बाजूचं: ट्रेनमधला करार चुकीचा होता, चार रविवार मी तुझ्या मागे लागलो तेही चुकीचं. मग त्याचं: तू हसलास ते लागलं. एवढंच. फिअर्स गार्डियनशिपचा विषय काढू नकोस, तिथे तो बरोबर आहे आणि तू हरशील. निम्म्या बक्षिसाचं पुन्हा काढलं तर घेऊन टाक, आणि त्या पैशात पुढच्या रविवारी टेबलावरच्या चौघांना चहा पाज. जमलं तर त्या मुलीलाही बोलाव.

आणि येत्या रविवारी एक कर. पहिल्या गेमला कोणीतरी जिंकायला निघेल, तुझ्या हातात काउंटर असेल, सगळे सवयीने तुझ्याकडे बघतील. तू शेवटचा नसशील आणि तुझ्यामागच्याकडे पान असेल अशी शंका असेल, तर तू 'नाही' म्हण. एकदाच. टेबल पडलं तर पडू दे, रविवारचा गेम आहे, फायनल नाही. त्याच्या पुढच्या रविवारी बघ, तुझ्या आधीचे दोघं मान हलवायच्या आधी किती वेळ आपली पानं न्याहाळतात.

मित्राला आधी मेसेज कर, कुठली लोकल आणि कितवा डबा ते. तिघांच्या बाकावर जागा एकच उरली असेल तर ती त्याला दे आणि चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून तू बस. तुला सवय आहे.